वासराची दुसरी लस चुकवू नका

“कालवडीला लस टोचली होती, तरी लाळ्या-खुरकूत झालाच कसा?” असं पुष्कळ जण विचारतात. अशा वेळी पहिलं पाहायचं ते हे, की दुसरी मात्रा चुकली तर नाही ना?

या लशीत मेलेले विषाणू असतात. त्यांनी रोग होत नाही, शरीराला फक्त शत्रूची ओळख पटते. पहिल्या मात्रेची प्रतिकारशक्ती सावकाश येते, बेताची असते आणि लवकर ओसरते. ओळख मात्र शिल्लक राहते. म्हणून महिन्याने बूस्टर मात्रा दिली, की थोड्याच दिवसांत भरपूर शक्ती तयार होते आणि जास्त काळ टिकते. लस तीच, काम वेगळं. आंबवणीनंतर चिंबवणी लागते, तसंच हे.

वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने बूस्टर आणि पुढे दर ६ महिन्यांनी एकेक मात्रा द्या. त्याआधी घाई नको. गाईच्या चिकातून मिळालेली शक्ती लशीचं काम अडवते.

टोचल्याजागी थोडी सूज आली किंवा दोन दिवस दूध घटलं, तर घाबरू नका. आजारी जनावर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ही लस मोफत टोचतात. पहिली मात्रा दिली, की दुसरीची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहूनच ठेवा!