सुबाभळीची पन्नास वर्षं

1977 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सुबाभळीवर अहवाल काढला आणि मेक्सिकोतल्या या झाडाचा जगभर बोलबाला झाला. हवाई विद्यापीठातल्या जेम्स ब्रूबेकर यांनी निवडलेले उंच वाण देशोदेशी गेले. आपल्याकडे मणिभाई देसाईंच्या उरुळी कांचनच्या ‘बायफ’ संस्थेने ते शेताच्या बांधावर आणले. 1972च्या दुष्काळाने पोळलेल्या मुलखाला चारा आणि सरपण एकाच झाडातून मिळणार होतं, शिवाय मुळांच्या गाठी जमिनीला नत्र देणार होत्या.

पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य होतं. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या जनावरांचे केस झडत, गलगंड होई. हवाईतल्या शेळ्यांना मात्र काहीच होत नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांनी या गोष्टीचा छडा लावला: त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ते विष मोडून टाकत होते. हे जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि गुरं तोच पाला पचवू लागली. पुढे त्यातल्या एका जिवाणूच्या नावात जोन्स यांचं नाव गुंफलं गेलं. या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत आवडणारं पान हेच.

1980च्या दशकात कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी एक चिमुकली कीड पॅसिफिक ओलांडून आशियात पसरली आणि झाडाचा दबदबा ओसरला. पुढे जगातल्या शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव लागलं.

मेक्सिकोतल्या ओहाका भागात याच्या हिरव्या शेंगांच्या जुड्या बाजारात येतात. लोक शेंग सोलून लसणासारख्या उग्र वासाचे चपटे दाणे कच्चेच खातात. जावामध्ये ते खोबऱ्याच्या किसात मिसळून, केळीच्या पानात बांधून उकडतात. तिथे कितीतरी शेंगा वाळण्याआधीच उतरवल्या जातात. आपण पाला घेतला, लाकूड घेतलं, शेंगा तशाच राहू दिल्या. त्या तडकल्या, बी सांडलं आणि पडीक रानांत, टेकड्यांवर दाट गर्दी माजली.

म्हणून झाडाला चेटकीण ठरवणं मला पटत नाही. टेकडीवर नवी सुबाभूळ लावू नये, हे खरंच. पण बांधावर असेल तर फुलोरा येताच छाटा, पाला शेळ्यांना घाला, मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. शेंग झाडावर वाळू देऊ नका.