करारावर नाव हवेच!

मुलीला पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा चिपळूणच्या आमच्या घरी ईदसारखा आनंद झाला. वसतिगृहाच्या यादीत मात्र तिचे नाव लागले नाही. तिच्या अब्बांनी शाळेतून चार दिवसांची रजा काढली आणि आम्ही तिघे घर शोधायला निघालो.

विद्यापीठ गणेशखिंडीत. आजूबाजूला औंध, बाणेर, पाषाण, शिवाजीनगर, खडकी, बोपोडी. कोंढव्यात किंवा कॅम्पात ओळखीचे लोक होते, पण रोज इतक्या लांबून प्रयोगशाळा गाठायची आणि अंधार पडल्यावर परतायचे, हे मनाला पटेना.

पहिल्या दोन दिवसांत सात घरे पाहिली. फोनवर "या ना, बघून जा" म्हणणारे नाव ऐकले की थबकायचे. कुणाचा भाचा अचानक राहायला येणार असायचा, कुणी सोसायटीकडे बोट दाखवायचे. एका बाईंनी चहा दिला, मुलीच्या गुणांचे कौतुक केले आणि शेवटी हात जोडले. तिचे अब्बा जिना उतरताना काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते गप्प राहणे मला जास्त लागले.

तिसऱ्या दिवशी एजंटने तोडगा सुचवला. मुलीच्या वर्गातल्या लातूर आणि संगमनेरच्या दोन मैत्रिणीही घर शोधत होत्या. "करार त्या दोघींच्या नावे करू. तुमची मुलगी राहील, पण कागदावर नको." खरे सांगते, मी हो म्हणायच्या बेतात होते. मुलगीच म्हणाली, "अम्मी, कागदावर मी नसेन तर उद्या मला कुणीही बाहेर काढेल. आणि स्वतःच्या घरात मी लपून का राहू?" मैत्रिणींनीही सांगितले, तिघींची नावे असतील तरच घर घ्यायचे.

घर मिळाले बोपोडीत. 18 हजार भाडे, 50 हजार अनामत. मालकांनी तिघींची ओळखपत्रे पाहिली आणि एवढेच विचारले, "भाडे कोणत्या तारखेला देणार?"

आपल्या मुलामुलींसाठी घर घेताना या गोष्टी ध्यानात ठेवा.

करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी ऑनलाइन होते, अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस घरी येतो. 11 महिन्यांच्या आमच्या करारावर मुद्रांक शुल्क सुमारे 500 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये लागली. एजंटचे पैसे वेगळे.

राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात घाला. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देताना हाच कागद लागतो, आणि अनामत मागतानाही हाच कामी येतो.

अनामत रोख देऊ नका, बँकेतून द्या. किती दिवसांत परत मिळेल, रंगकामाचे पैसे कापणार का, मुदतीआधी घर सोडल्यास काय, हे सारे लिहून घ्या. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

सामान लावण्याआधी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढा. वीज मीटरचा आकडा टिपून ठेवा. पाणी किती वाजता येते आणि संध्याकाळी रस्त्यावर दिवे असतात का, हे शेजाऱ्यांना विचारा.

फुले दाम्पत्याला घर सोडावे लागले, तेव्हा याच पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात माझी मुलगी शिकते आहे. दारावर आता तीन नावांची पाटी आहे. तिचे नाव मधले आहे, आणि पाटी तिने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.