सुया आणि खुरपें

एकाच वेळीं दोन-तीन विणकामें हातीं घेतलीं म्हणजे एकही पुरें होत नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या घरचा अनुभव निराळा आहे. पावसाळा सरला कीं सौभाग्यवती परसांत मेथी व धणे पेरतात आणि त्याच सुमारास सुयाही बाहेर काढतात. मेथी ४-५ दिवसांत उगवते. धणे, रगडून दोन फाळी केलेले असले तरी, ८-१० दिवस वाट पाहावयास लावतात. ही सक्तीची उसंत विणकामास मोठी उपकारक! खुरपणीनें बोटें राठ होतात व त्यांना लोकर अडकते. म्हणून सकाळीं हात धुऊन खोबरेल चोळावयाचें आणि तें पुरतें मुरल्यावर, दुपारच्या निवांतपणीं, टाके मोजावयाचा नक्षीचा स्वेटर. दिवेलागणीनंतर गप्पांच्या भरांत केवळ सुलट टाक्यांचा गळपट्टा. हांक आली तरी ओळ अर्धी टाकून उठावयाचें नाहीं, टाके निसटतात. (आमच्या चहासही हा नियम लागू आहे!) तान्ह्याचें अंगडें मात्र या सर्वांआधीं. मूल ५-६ महिन्यांत जन्मवेळच्या दुप्पट वजनाचें होतें. रेंगाळलेलें अंगडें मग कोणास घालावयाचें? यंदा कार्तिकांत तें नातवाच्या अंगावर चढलें, स्वेटरची एक बाही उरली आहे, आणि गळपट्टा मेथीच्या दुसऱ्या पेरणीबरोबर वीतभर वाढला आहे.