व्हर्नचा कुत्रा आणि नववीचे गणित

तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेल्या तीन माणसांची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ती १८६५ मध्ये लिहिली. तिचा उत्तरार्ध १८७० मध्ये पुस्तकरूपाने आला. मराठी मुलांपर्यंत व्हर्नच्या कादंबऱ्या पोहोचवण्यात भा. रा. भागवतांचा मोठा वाटा आहे. होय, 'फास्टर फेणे'वाले भागवत तेच!

मी ही गोष्ट वाचली ती आठवीत असताना, बाकाखाली लपवून आणि तीही विज्ञानाच्याच तासाला. पुस्तक अर्थातच जप्त झाले. "असली खोटी पुस्तके वाचून विज्ञान येत नसते," असे वर ऐकावे लागले. वार्षिक परीक्षा संपल्यावर पुस्तक परत मिळाले, पण ते वाक्य पुढे बरीच वर्षे माझ्या मनात घर करून राहिले. पुस्तक खोटे आहे, हे एका अर्थाने खरेच आहे. पण ते किती खोटे आहे, आणि नेमके कोठे? हे शोधायला फार मोठे गणित लागत नाही. नववीचे पुरते. चला, करून पाहू या.

व्हर्नचा मोठा गुण असा, की तो आकडे देतो. नात्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाकडून त्याने काही आकडेमोडही करून घेतली होती. त्याची तोफ अमेरिकेत फ्लॉरिडा येथे जमिनीत उभी पुरलेली आहे. लांबी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७५ मीटर. गोळा ॲल्युमिनियमचा आणि आतून पोकळ. तो तोफेतून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. दहावीच्या पुस्तकात पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर दिलेला तुम्ही वाचला असेल. तेव्हा वेगाच्या बाबतीत व्हर्न जवळजवळ बरोबर आहे.

आता गतीचे तिसरे समीकरण आठवा. अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × अंतर. सुरुवातीचा वेग शून्य. अंतिम वेग सेकंदाला ११,००० मीटर; त्याचा वर्ग १२ कोटी १० लाख. अंतर २७५ मीटर. त्याची दुप्पट ५५०. भागाकार केला की त्वरण येते २,२०,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरण ९.८ आहे. म्हणजे हे त्याच्या सुमारे २२,००० पट झाले! आणि गोळ्याला सगळी तोफ पार करायला वेळ किती लागला? सेकंदाचा विसावा भाग. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

बावीस हजार पट म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे आणायला हवे. ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा एखादा मुलगा त्या गोळ्यात असेल, तर त्या क्षणी त्याला त्याच्या तळाशी सुमारे ११०० टन वजनाने दाबल्यासारखे होईल. रेल्वेचे एक मोठे विजेवरचे इंजिन १२० टनांच्या आसपास असते. अशी नऊ इंजिने एकावर एक रचून त्याच्या अंगावर ठेवल्यासारखे झाले. व्हर्नलाही धक्क्याची धास्ती होतीच. म्हणून त्याने गोळ्याच्या तळाशी तीन फूट पाण्याचा थर ठेवला आहे. या तीन फुटांनी कितीसा फरक पडणार? त्वरण गुरुत्वाच्या निदान दहापटीपर्यंत खाली आणायचे (तेही सोसायला कठीणच), तर त्याच समीकरणाने तोफेची लांबी ६१७ किलोमीटर येते. सरळ रेषेत मोजले तर मुंबईपासून साधारण हैदराबादपर्यंत! शिवाय ती आडवी नव्हे, उभी.

हेच गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका मुलाने केले होते. हेर्मान ओबर्थ त्याचे नाव. अकरा-बाराव्या वर्षी व्हर्नचे पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्याने ते इतक्या वेळा वाचले, की तोंडपाठ झाले. मग त्याने आकडे तपासले. वेग बरोबर आहे, पण प्रवासी मात्र जागच्या जागी चिरडले जाणार, हे त्याच्या ध्यानात आले. पुस्तक खोटे म्हणून त्याने ते फेकून दिले नाही. हाच वेग एका झटक्यात न देता हळूहळू देता आला तर, असा विचार करीत तो अग्निबाणापाशी पोहोचला. पुढे त्याने या विषयावर लिहिलेला प्रबंध पदवीसाठी नाकारला गेला. १९२३ मध्ये त्याने तो पुस्तक म्हणून छापला. अवकाश प्रवासाच्या इतिहासात ते पुस्तक फार मोलाचे मानतात. १९६९ मध्ये अपोलो-११ चंद्राकडे झेपावले ते फ्लॉरिडामधूनच. अग्निबाणाने तो वेग कित्येक मिनिटे घेऊन दिला आणि अंतराळवीरांना गुरुत्वाच्या चौपटीच्या आसपासच त्वरण सोसावे लागले. ते उड्डाण पाहायला म्हातारे ओबर्थ हजर होते.

येथपर्यंतचे सगळे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. पण त्याच पुस्तकातली दुसरी चूक मला स्वतःला दिसली नव्हती. एम.एस्सी. झालो, कॉलेजात शिकवायला लागलो, तरी नाही. ती दाखवली नववीतल्या एका मुलीने, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका विज्ञान शिबिरात.

प्रसंग असा. गोळ्यात तीन माणसांबरोबर दोन कुत्रीही आहेत. त्यांपैकी 'सॅटेलाइट' नावाचा कुत्रा उड्डाणाच्या धक्क्याने जखमी होऊन मरतो. प्रवासी त्याचे शव बाहेर टाकून देतात. काही वेळाने खिडकीतून पाहतात तो काय, शव गोळ्याच्या बरोबरीनेच चालले आहे! हे व्हर्नने अगदी अचूक लिहिले आहे. बाहेर हवा नाही, कुत्र्याचा वेग गोळ्याइतकाच, आणि गुरुत्व दोघांना सारखेच त्वरण देते. तेव्हा मागे पडायला कारणच नाही.

मी हे कौतुकाने सांगत होतो, तेवढ्यात ती मुलगी उठली. म्हणाली, "सर, बाहेरचा कुत्रा तरंगतोय, तर आतली माणसं जमिनीवर कशी उभी आहेत?"

मी गप्प झालो. पुस्तकात माणसांचे वजन प्रवासात हळूहळू कमी होत जाते. पृथ्वीचे आणि चंद्राचे आकर्षण जेथे सारखे होते, त्या एकाच ठिकाणी ते शून्य होते आणि तेवढ्यापुरती माणसे तरंगतात. ते ठिकाण काढणे सोपे आहे. पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ८१ पट, ८१ चे वर्गमूळ ९, म्हणून ते वाटेच्या नऊ दशांश अंतरावर येते. मी स्वतः ते गणित फळ्यावर अनेकदा केले होते. पण कुत्र्याला जो नियम, तोच माणसांना, हे कधी सुचले नाही. गोळ्याला मागून कोणी ढकलत नसेल, तर गोळा, कुत्रा आणि माणसे एकाच त्वरणाने जात असतात. मग तळ माणसांना दाबणार कसा? आपल्याला जाणवते ते वजन म्हणजे जमीन आपल्याला वर रेटते तो जोर. हवेचा अडथळा मागे पडला, की माणसे तेथून सगळा प्रवासभर तरंगत राहायला हवीत. त्या समतोलाच्या ठिकाणी त्यांना वेगळे असे काहीच जाणवणार नाही.

"तुझं बरोबर आहे आणि माझं चुकलं," असे मी तिला सांगितले. मग आम्ही प्लॅस्टिकच्या एका बाटलीला तळाशी भोक पाडले आणि टोपण काढून तीत पाणी भरले. बाटली हातात असेपर्यंत धार लागते. हात सोडला, की बाटली पडत असताना धार थांबते! तुम्हीही करून पाहा. मात्र अंगणात करा, नाहीतर घरी बोलणी खावी लागतील. १९८४ मध्ये राकेश शर्मा अवकाशस्थानकात तरंगले, २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तरंगले, ते याच कारणाने. शुक्ला होते त्या सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे गुरुत्व जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश असते. ते संपलेले नसते.

एच. जी. वेल्सने १९०१ मध्ये आपली माणसे चंद्रावर पाठवली ती गुरुत्व अडवणाऱ्या एका काल्पनिक पदार्थाच्या जोरावर. व्हर्नला हे मुळीच रुचले नाही. असला पदार्थ आणून दाखवा, अशी त्याची कुरकुर होती. कथा म्हणून वेल्सची मला अधिक आवडते, हे कबूल करतो. पण त्या पदार्थाचा पत्रा उभ्या चाकाच्या एका बाजूखाली ठेवला, तर त्या बाजूला वजन नाही आणि दुसरीला आहे. चाक फुकट फिरतच राहील. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेथे मोडतो.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आद्याक्षरे उलटी वाचा, म्हणजे गंमत कळेल. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नारळीकर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या कथाही पेन्सिल हातात घेऊनच वाचाव्यात, असे मला वाटते. ग्रंथालयाच्या पुस्तकावर मात्र रेघा मारू नका. वही जवळ ठेवा.

आता एक गणित तुमच्यासाठी. व्हर्नच्याच दुसऱ्या कादंबरीतली कॅप्टन निमोची पाणबुडी चिरुटाच्या आकाराची आहे. लांबी ७० मीटर, मधली जाडी ८ मीटर. तिचे घनफळ सुमारे १५०० घनमीटर असल्याचे तो सांगतो. तेवढ्याच लांबी-जाडीच्या दंडगोलाचे घनफळ काढा. मग बुडाला बूड लावलेल्या, प्रत्येकी ३५ मीटर उंचीच्या दोन शंकूंचे काढा. चिरूट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. पाहा, निमो खरे बोलतो का.