आज रात्री साडेनऊ वाजता

सांप्रत घरोघरी आजी-आजोबांच्या मोबाइलवर आलेले संदेश वाचून दाखविण्याचे काम बहुधा मुलांकडेच असते. म्हणून हा लेख आम्ही विद्यार्थ्यांस उद्देशून लिहीत आहोत. पालकांनीही तो अवश्य वाचावा.

इ. स. २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रात पुष्कळांस एक संदेश येऊ लागला. त्याचा आशय असा की, मागील बिल भरल्याची नोंद झालेली नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल. तरी पुढील क्रमांकावर अधिकाऱ्यांस तत्काळ फोन करावा. फोन केला की समोरचा मनुष्य मोठ्या अदबीने बोलतो. ‘फार नाही, दहा रुपये भरून नोंद करून घ्या,’ असे म्हणून तो मोबाइलवर एक ॲप घ्यावयास सांगतो. ग्यानबाची मेख येथेच आहे. त्या ॲपच्या योगाने आपल्या मोबाइलचा पडदा त्यास दूर बसून दिसू लागतो. दहा रुपये भरण्याकरिता आपण कार्डाचा क्रमांक लिहितो, बँकेकडून आलेला ओटीपी उघडतो; तो ते सर्व टिपून घेतो आणि घटकाभरात खाते रिकामे होते. चोराने कुलूप फोडले नाही. किल्ली आपणच दाखविली!

या संदेशाचे सारे बळ त्या साडेनऊच्या वेळेत आहे. अंधाराची धास्ती घातली म्हणजे चांगला शिकलेला मनुष्यही विचार करावयाचे विसरतो. वस्तुतः २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा ‘आज रात्री’ हे दोन शब्दच लबाडीची साक्ष होत. शिवाय महावितरणचा खरा संदेश कोणाच्या दहा आकडी क्रमांकावरून येत नाही. पाठविणाऱ्याच्या जागी ‘एमएसईडीसीएल’ ही अक्षरे असतात. तथापि केवळ अक्षरांवरही विसंबू नये. शंका आल्यास छापील बिलावरील क्रमांकावर विचारावे, संदेशातील क्रमांकावर नव्हे.

बक्षीस लागले, पैसे परत मिळावयाचे आहेत, असे सांगून पिन मागणारेही याच जातीचे. यूपीआयने पैसे घेण्यास पिन लागतच नाही. तो केवळ देण्यास लागतो.

घरातील कोणी फसलाच, तर त्यास बोल लावू नये, अशी पालकांस आमची विनंती आहे. बोलण्याच्या भीतीने मनुष्य गोष्ट लपवितो, आणि तेवढ्या अवधीत पैसा या खात्यातून त्या खात्यात निघून जातो. १९३० या सरकारी क्रमांकावर आणि आपल्या बँकेस लागलीच कळविल्यास वाटेतील रक्कम अडविता येण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असे म्हटले आहे की, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असल्यास बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, व कळविल्यानंतरचे बँकेचे. आणि रागाच्या भरात तो संदेश पुसून टाकू नये. तक्रार नोंदविताना तोच कामी येतो.