संगणकावरील बोली आणि समोरचा माल

सिल्लोड तालुक्यातील शेतकरी मका किंवा मिरची विकावयास आणतो, तेव्हा व्यापारी प्रथम मालात हात घालतो. मक्याचा दाणा दाताखाली फोडून ओलावा अजमावतो, मिरचीचे देठ निरखतो आणि मगच भाव बोलतो. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ योजनेने दूरच्या खरेदीदारासही संगणकावरून बोली लावण्याची सोय केली. हेतू स्तुत्य आहे. परंतु न पाहिलेल्या मालाला कोणीही हात राखूनच भाव देणार. प्रत कळेनाशी झाली की चांगला मालही हलक्याच्या भावाने जातो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली वापरलेल्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले होते.

मात्र प्रत्यक्ष भेटीचे गोडवे गाणाऱ्यांनी रुमाल विसरू नये. रुमालाखाली बोटे दाबून आडत्या आणि व्यापारी भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला काही कळत नसे. भेट तीही समोरासमोरचीच होती! नियंत्रित बाजारपेठांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, तो याचसाठी. तेव्हा नुसती भेट पुरेशी नाही, ती चारचौघांत व्हावयास हवी. उधारीचेही तसेच. पेढी गावातच असेल तर तगादा लावता येतो. परक्या शहरातील व्यापाऱ्याचे दार शेतकऱ्याने कोठे शोधावे?

मिरची तर थांबत नाही, ती लवकर सुकते. प्रतवारी आणि ओलावा तपासण्याची विश्वासार्ह सोय आवारातच, लिलावापूर्वी झाली पाहिजे. तोवर दूरची बोली जवळच्या लिलावाला जोड म्हणून असावी. त्याच्या जागी ती आणण्याची घाई शेतकऱ्यालाच महाग पडेल.