परसबागेतील विषारी जीव : कोळी आणि विंचू

मृगाचा पहिला पाऊस पडला की वाशीम जिल्ह्यातील गावागावांत परसबागेच्या कामास आरंभ होतो. घरामागे वाल, दोडका, कारली यांच्या वेलांसाठी मांडव घातले जातात. शाळांतून पोषण आहारासाठी पालक, मेथी, टोमॅटो यांचे वाफे तयार होतात. उन्हाळाभर एका जागी पडून राहिलेले दगड, कवेलू, तुराट्यांचे भारे आणि गोवऱ्यांचे ढीग याच सुमारास हलविले जातात. त्यांच्या आडोशाने राहणाऱ्या कोळ्यांशी आणि विंचवांशी माणसाची गाठ पडते ती अशा वेळी. या जिवांपैकी कोणाचे भय किती बाळगावे, हे प्रत्येक गावाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कोळी : भीती अधिक, धोका थोडा

कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि विंचू हा त्याचा दूरचा भाऊबंद होय. बहुतेक सर्व कोळ्यांपाशी विष असते. परंतु ते माशा, नाकतोडे, पतंग यांसारखे भक्ष्य निश्चेष्ट करण्यापुरते असते. बहुसंख्य जातींचे दात माणसाची कातडी भेदण्याइतके बळकटही नसतात. पिकावरील कीड खाणारा कोळी हा बागाईतदाराचा मित्रच आहे. म्हणून दिसेल ते जाळे मोडणे आणि दिसेल तो कोळी मारणे हे अज्ञानाचे लक्षण ठरते.

झाडांच्या ढोलीत किंवा जमिनीतील बिळात राहणारे मोठे केसाळ कोळी मात्र हाताळू नयेत. त्यांच्या दंशाने तीव्र वेदना व सूज येते आणि काही वेळा स्नायूंत पेटके येतात. दंशाची जागा साबण व पाण्याने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी. सूज पसरू लागली, ताप आला किंवा अंगात पेटके आले, तर डॉक्टरांकडे जावे.

खरा वैरी लाल विंचू

कोळ्याला भिणारा माणूस विंचवाविषयी पुष्कळदा बेफिकीर असतो. मोठी काळी इंगळी दिसावयास भयंकर असली, तरी तिच्याहून अधिक घातक आहे तो लहानसा लाल विंचू. त्याच्या नांग्या बारीक व शेपटी जाड असते. दिवसा तो दगडाखाली, भिंतीच्या फटीत, लाकडांच्या ढिगात दडतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. त्याच्या विषाने शरीरातील मज्जातंतू अतिरिक्त उत्तेजित होतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर विलक्षण ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचून रोगी दगावू शकतो. लहान मुलांना हा धोका सर्वांत अधिक असतो.

या विषावरील उपचाराचा मार्ग महाराष्ट्रानेच जगाला दाखविला. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे वर्षानुवर्षे बारकाईने निरीक्षण केले. त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या विकारात उपयुक्त ठरते, हे त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या समवेत 1986 मध्ये त्याच नियतकालिकातून मांडले. वेळेवर दिलेल्या या स्वस्त गोळीने मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. विंचवाच्या विषावरील प्रतिविष लसही आता उपलब्ध असून प्राझोसिनसमवेत ती दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असे महाड येथील अभ्यासातून 2011 मध्ये पुढे आले. डॉ. बावस्कर यांना 2022 मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

वेदनेवरून विष मोजू नये

या संशोधनातील एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने व सरपंचाने लक्षात ठेवावी. दंशाच्या जागी असह्य ठणका असणारा रुग्ण बहुधा बचावतो. उलट ज्याच्या अंगात विष भिनले आहे त्याला वेदना कमी असू शकते. मंत्राने किंवा झाडपाल्याने ‘विंचू उतरला’ असे वाटते, ते अनेकदा यामुळेच, आणि त्या भ्रमात मोलाचे तास निघून जातात. दरदरून घाम, वारंवार उलटी, हातपाय गार पडणे, छातीत धडधड आणि धाप ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसण्याची वाट न पाहता, विशेषतः मुलांना, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

तोवर रुग्णाला धीर द्यावा व शांत निजवावे. जखम कापू नये, विष तोंडाने शोषू नये, आवळून दोरी बांधू नये. प्राझोसिन स्वतःच्या मनाने देऊ नये. त्याने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

कामाच्या वेळची दक्षता

दगड किंवा भारा उचलण्यापूर्वी तो काठीने हलवावा आणि आपल्या बाजूने नव्हे, तर पलीकडून उचलावा, म्हणजे आतील जीव दुसऱ्या दिशेने निघून जातो. बिळात अथवा पाचोळ्यात उघडा हात घालू नये. जाड हातमोजे व बूट वापरावेत. बूट, कपडे, पोती वापरण्यापूर्वी झटकावीत. सरपण व गोवऱ्या घराच्या भिंतीपासून दूर रचाव्यात. रात्री बाहेर जाताना विजेरी न्यावी. हीच दक्षता सर्पदंशापासूनही रक्षण करते. शाळेच्या बागेतील दगड व कचरा मोठ्या माणसांनी आधी काढून मगच मुलांना कामास लावावे.

वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील ग्रामपंचायतींना पावसाळ्यापूर्वी दोन कामे सहज करता येतील : जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि सर्पविषावरील लस आहे याची वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे खात्री करून घेणे आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहिणे. या कामांना खर्च जवळजवळ नाही. परंतु एखाद्या रात्री त्यावर एका मुलाचे प्राण अवलंबून असतील.